मराठवाड्याच्या कथेला अद्भुताची मनाई कशासाठी?

प्रति,
माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत कल्पनारम्य साहित्य आणि चित्रपट या विषयावर अलीकडे आलेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. लेखकाचा व्यासंग मोठा आहे, आणि संगणकाच्या जोरावर उभ्या केलेल्या भपकेबाज चित्रपटांविषयीची त्यांची तक्रार मलाही मान्य आहे. परंतु लेखाच्या अखेरीस त्यांनी असे सुचवले आहे की, ज्या प्रदेशात पाणी टँकरने येते आणि कर्जापायी माणसे जीव देतात, त्या प्रदेशातल्या लेखकाने भुते, वेताळ आणि बोलणारी झाडे यांत रमणे म्हणजे आपली जबाबदारी झटकणे होय. प्रदेशाचे नाव त्यांनी घेतलेले नाही, तरी रोख मराठवाड्याकडे आहे हे उघड आहे. याच प्रदेशात शाळेत मराठी शिकवण्यात माझे आयुष्य गेले, आणि आजही गावच्या वाचनालयामुळे लिहिणाऱ्या मुलामुलींशी माझा नित्याचा संबंध येतो. म्हणून या मताचा प्रतिवाद करणे मला आवश्यक वाटते.

हे मत एका लेखापुरते असते तर मी पत्र लिहिण्याचे कारण नव्हते. कथास्पर्धांचे परीक्षक, एकांकिकांच्या प्राथमिक फेऱ्यांना बसणारे जाणकार आणि लघुपट निवडणाऱ्या समित्या यांच्या मनात ते घट्ट रुजलेले आहे. आमच्या वाचनालयात येणाऱ्या एका मुलाची कथा मी वाचली आहे. कोरडवाहू रानात रात्री बोअरची गाडी उभी राहते. पाचशे फुटांपर्यंत नुसता पांढरा फुफाटा उडतो आणि बाप प्रत्येक फुटाचा दर मनातल्या मनात मोजत उभा असतो. सहाशेच्या पुढे ओल लागायच्या ऐवजी खालून माणसांचे आवाज येऊ लागतात. मुलगा केसिंगला, म्हणजे बोअरच्या नळीला, कान लावतो, तर त्याचा पणजोबा बैल विकताना व्यापाऱ्याशी घासाघीस करत असतो, कोणी आजी जात्यावर ओवी म्हणत असते आणि मोटेचे पाणी थारोळ्यात पडत असते. बाप गाडीवाल्याला आणखी खाली जायला सांगतो. मात्र गाडी जितकी खाली जाते तितके वरच्या घरातले बोलणे आटत जाते. आधी थोरली बहीण अबोल होते, मग आई, आणि शेवटी पैशांसाठी तगादा लावणारा गाडीवालाही नुसतेच ओठ हलवतो. दुष्काळ हा शब्द या कथेत एकदाही आलेला नाही. एका स्पर्धेतून ती परत आली तेव्हा सोबतच्या शेऱ्यात विषय चांगला असल्याचे, पण हाताळणी पलायनवादी असल्याचे म्हटले होते आणि कर्जबाजारीपणावर सरळ लिहिण्याचा सल्ला दिला होता. मुलाने तो पाळला. त्याची कर्जावरची कथा छापून आली, ती बरीही होती, परंतु ती त्याच्याऐवजी दुसऱ्या कोणालाही लिहिता आली असती.

त्या पहिल्या कथेत जे होते त्याला मी अद्भुताचा खरा वापर समजते. तिथे अशक्य गोष्ट एकच घडते. बाकी सारे, म्हणजे फुटाचा दर, फुफाटा आणि बापाचा हट्ट, आपल्या रोजच्या ओळखीचे असते. त्या अशक्य गोष्टीला स्वतःचा एक नियम असतो, तो नियम कोणासाठी वाकत नाही, आणि त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. एवढे सांभाळले की भूत असो, वेताळ असो, उडता घोडा असो, वाचक त्याच्यावर विश्वास टाकतो. हे पाश्चात्त्यांकडून शिकण्याची आपल्याला गरज नाही. श्रावणातल्या कहाण्या ऐकत वाढलेल्या प्रत्येक मराठी माणसाला ते ठाऊक आहे. आटपाट नगरात देव दारी येतो, दरिद्री ब्राह्मणाच्या घरी सोन्याचा धूर निघतो, परंतु उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये ही अट आधीच घातलेली असते, आणि ती मोडली की आलेले सगळे वैभव निघून जाते. कहाणी पुढे सरकते ती त्या अटीमुळे.

मराठवाड्याने केवळ वास्तव लिहावे असे सांगणाऱ्यांनी एकदा पैठणचा इतिहास आठवावा. भारतीय अद्भुतकथेचा जो सर्वांत मोठा साठा मानला जातो, त्या गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'चा संबंध परंपरेने प्रतिष्ठानच्या, म्हणजे आजच्या पैठणच्या, सातवाहन राजाशी जोडलेला आहे. मूळ ग्रंथ पैशाची नावाच्या प्राकृत भाषेत होता आणि तो आज उपलब्ध नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागरा'तून आपल्याला त्याची ओळख होते. त्या ग्रंथाच्या आरंभी गुणाढ्याचीच गोष्ट आहे, आणि साहित्याच्या स्वीकार-नकाराविषयी याहून मार्मिक गोष्ट मला माहीत नाही. अरण्यात बसून स्वतःच्या रक्ताने लिहिलेले सात लक्ष श्लोक तो राजाकडे पाठवतो. भाषा पिशाचांची आणि शाई रक्ताची, म्हणून दरबार ते परत करतो. मग गुणाढ्य डोंगरावर अग्नी पेटवतो, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवतो आणि आगीत टाकतो. जनावरे चरणे सोडून आसवे गाळत ऐकत राहतात. इकडे राजवाड्यात राजा आजारी पडतो. वैद्य सांगतात की पानात वाळलेले, निःसत्त्व मांस येते म्हणून हे दुखणे आहे. आचाऱ्यांना विचारले जाते, आचारी व्याधांकडे बोट दाखवतात, व्याध सांगतात की डोंगरावर एक ब्राह्मण काही वाचतो आहे आणि त्यामुळे जनावरांनी खाणे सोडले आहे. राजा तिथे पोहोचतो तेव्हा एक लक्ष श्लोक तेवढे शिल्लक असतात.

या गोष्टीत अद्भुत कोणत्या वाटेने राजापर्यंत पोहोचते ते पाहावे. त्याला आकाशवाणी होत नाही, स्वप्नात देवही येत नाही. त्याच्या ताटातले अन्न बिघडते. ज्या कथेला त्याने दरबारातून हाकलले ती मुदपाकखान्यातून परत येते. कोणताही वास्तववादी लेखक याहून नेमका तपशील निवडू शकेल असे मला वाटत नाही.

वेताळाच्या पंचवीस कथांचेही तसेच. आज आपण त्या उज्जैनच्या विक्रमाच्या म्हणून सांगतो, पण सोमदेवाच्या ग्रंथात वेताळाला खांद्यावर घेणारा त्रिविक्रमसेन हा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा राजा आहे. एक भिक्षू त्याला रोज एक फळ देतो, राजा ते न पाहता कोशाध्यक्षाकडे देतो. एके दिवशी पाळीव माकड फळाला चावा घेते आणि आतून रत्न पडते. कोठार उघडून पाहावे तर फळे कुजून गेलेली असतात आणि रत्नांचा ढीग लागलेला असतो. त्या भिक्षूसाठी राजा स्मशानातल्या झाडावरचे प्रेत आणायला जातो, आणि प्रेतात शिरलेला वेताळ वाटेत गोष्टी सांगून प्रश्न विचारतो. यानंतर जो नियम येतो त्याला जगाच्या कथासाहित्यात तोड नाही. राजा बोलला तर वेताळ झाडावर परत जाणार, आणि उत्तर ठाऊक असून गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होणार. न्यायाची जाण असलेल्या माणसाला गप्प बसता येत नाही आणि बोलण्याने हातचे काम निसटते, हा राज्यकर्त्याचा पेच सांगण्यासाठी प्रेत, स्मशान आणि झाड यांची योजना केलेली आहे. ही कथा लिहिणारा जबाबदारी टाळत होता असे कोण म्हणेल?

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात उजव्या भिंतीवर सिंहल अवदान या बौद्ध कथेचे विस्तीर्ण चित्र आहे. पाचव्या शतकातील, वाकाटक काळातील हे काम आहे. गलबत फुटून बेटावर आलेल्या व्यापाऱ्यांना सुंदर स्त्रियांच्या रूपातल्या राक्षसी भुलवतात, पांढरा उडता घोडा त्यांना सोडवायला येतो, परंतु ज्याचे मन मागे ओढले जाते तो पाठीवरून खाली पडतो. अवघड भाग यानंतर सुरू होतो. व्यापाऱ्यांचा म्होरक्या सिंहल याची राक्षसी त्याच्यामागे राजधानीत येते, टाकलेली बायको म्हणून राजाकडे दाद मागते, आणि सिंहल जीव तोडून सांगत असताना राजा तिच्या रूपाला भुलून तिला अंतःपुरात घेतो. पुढे राजवाडा राक्षसींच्या भक्ष्यस्थानी पडतो. लेण्यात गेलेले लोक बहुधा घोडा पाहून पुढे जातात. मला त्या चित्रातला राजदरबार अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण खरे सांगणाऱ्या माणसाचे कोणी ऐकत नाही ही गोष्ट त्या चित्रकारांनी राक्षसींच्या आधाराने आपल्याच मराठवाड्यात मांडून ठेवली आहे.

आता अंधश्रद्धेच्या आक्षेपाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण तो गंभीर आहे. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो फार मोठ्या बलिदानानंतर झाला, आणि त्याचे मोल जाणणारी माणसे भुताखेतांच्या कथांकडे संशयाने पाहतात हे मी समजू शकते. तरीही लेखक आणि मांत्रिक यांत मूलभूत फरक आहे. आमच्याकडे बोअर घेण्यापूर्वी पाणाड्याला बोलावतात. तो तळहातावर नारळ ठेवून रानात फिरतो, नारळ उभा राहिला की तिथे पाणी आहे असे सांगतो, त्याचे पैसे घेतो, आणि बोअर कोरडा गेला तरी ते परत करत नाही. त्याचे सांगणे खरे म्हणूनच विकले जाते. कथाकार मात्र पहिल्या वाक्यातच आटपाट नगराचे नाव घेऊन ही रचलेली गोष्ट असल्याचे कबूल करतो. त्या कबुलीमुळे वाचकाची बुद्धी जागी राहते. पैठणच्या नाथमहाराजांनी भारुडांत विंचू आणला, भूत आणले, जोगवा आणला, आणि मांत्रिकाच्या तोंडची भाषाच घेऊन काम-क्रोधाचा विंचू उतरवायला सत्त्वगुणाचा अंगारा सांगितला. गावोगाव ते भारूड सोंग घेऊन सादर होते, विंचू चावल्याचे सोंग आणणारा अंगणात गडबडा लोळतो, माणसे पोट धरून हसतात, आणि त्यांच्यापैकी कोणीही त्याच्यासाठी वैद्य बोलवायला धावत नाही. अंधश्रद्धा वाढते ती चमत्कार इतिहास म्हणून खपवला जातो तेव्हा. त्या बाबतीत पौराणिक मालिका आणि संतांवरचे अलीकडचे काही चित्रपट यांना जाब विचारावा. भयकथा लिहिणाऱ्या मुलाला विचारू नये.

आमच्या भागाला आणखी एक वारसा आहे, तो फारसा सांगितला जात नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि आमच्या आधीच्या पिढ्या उर्दू शाळांत शिकल्या. त्यांतल्या अनेकांच्या वाचनात अमीर हमजाच्या दास्ताना आणि 'तिलिस्म-ए-होशरुबा' होते. अय्याराच्या, म्हणजे वेष बदलणाऱ्या चतुर हेराच्या, जंबील नावाच्या झोळीत सारे जग मावते आणि प्रत्येक तिलिस्म, म्हणजे जादूची नगरी, तोडण्याचा मार्ग एका लौहावर, म्हणजे पाटीवर, लिहिलेला असतो, या गोष्टी माझ्या आजोबांच्या तोंडून मी ऐकल्या आहेत. मराठी ओवी आणि उर्दू दास्तान एकाच वाड्यात ऐकू येण्याचा योग महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच जुळला असेल, आणि त्यातून काय लिहिता आले असते याचा विचार आपण अजून केलेला नाही.

अद्भुताविषयीचा आपल्या समीक्षेतला राग कोठून आला हेही पाहायला हवे. हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ मध्ये आणि रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ मध्ये आली. त्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत योगायोगांची रेलचेल होती आणि संकटे आली तशी निघून जात. हरिभाऊ आपट्यांनी त्या वाटेकडे पाठ फिरवून विधवांच्या यातनांना शब्द दिले, ही मराठी कादंबरीची मोठी झेप होती. मात्र त्या विजयाच्या भरात, अद्भुत म्हणजे कादंबरीचे बालपण, अशी समजूत कायम झाली. काशीबाई कानिटकरांनी १९२८ मध्ये 'पालखीचा गोंडा' लिहून स्त्रियांच्या हाती कारभार असलेले संस्थान कल्पनेने उभे केले. तेव्हाच्या वास्तवात जे दाखवता येणे शक्य नव्हते ते त्यांनी कल्पिताच्या बळावर दाखवले. तरी या पुस्तकाची चर्चा आजही थोडीच होते. पुढे जी. ए. कुलकर्णी आले, नारायण धारप आले. पहिल्यांना आपण देव्हाऱ्यात बसवले, दुसऱ्यांना रेल्वेत वाचायचे लेखक ठरवले, आणि दोघांकडून शिकायचे राहून गेले.

चित्रपटाकडे वळते. या देशाच्या चित्रपटसृष्टीचा पाया घालणारे दादासाहेब फाळके जादूचे प्रयोगही करत. १९१९ च्या 'कालियामर्दन'मध्ये त्यांनी आपल्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केले. पाण्यात नागाशी झुंजणारे ते लहान मूल पाहताना आजही डोळे खिळतात, कारण अद्भुत असते नागात आणि जीव गुंततो मुलात. प्रभातच्या १९३६ च्या 'संत तुकाराम'ला व्हेनिसच्या महोत्सवात मान मिळाला. त्यात तुकोबांचे विमान वैकुंठाला जाते, आणि गौरीने उभी केलेली जिजाई मागे जमिनीवर राहते. दामले आणि फत्तेलाल यांनी विमान दाखवले, तसे ते वर गेल्याची किंमत कोणी दिली हेही दाखवले. म्हणून चमत्कार न मानणाऱ्या प्रेक्षकालाही तो शेवट बेचैन करतो.

राही अनिल बर्वे यांचा २०१८ चा 'तुंबाड' हिंदीत आहे, पण त्याची माती मराठी आहे. हस्तर या शापित देवाला सोने मिळू शकते, अन्न मात्र कधीच मिळणार नाही, हा त्यातला नियम आहे. म्हणून पिठाची बाहुली दाखवून त्याला भुलवायचे आणि तो ती खात असेपर्यंत मोहरा पळवायच्या. पिढ्यान्पिढ्यांच्या हावेबद्दल त्यात एकही भाषण नाही, पण कणीक मळणारे हात पाहताना सगळे कळते. तो चित्रपट कोकणातल्या अखंड पावसात घडतो आणि पाऊस हाच तिथल्या शापाचा रंग आहे. तो पाहिल्यापासून मी विद्यार्थ्यांना विचारत आले आहे की, ज्या भूमीवर पाऊस पडतच नाही तिथला शाप कसा दिसेल. त्यांच्या उत्तरांत मला जे ऐकायला मिळते ते कोणत्याही दुष्काळी परिसंवादात ऐकायला मिळत नाही.

परदेशातलीही दोनच उदाहरणे देते. काफ्काच्या १९१५ च्या कथेत माणूस सकाळी किडा होऊन जागा होतो, आणि त्याला चिंता पडते ती गाडी चुकल्याची आणि कचेरीतल्या साहेबाची. गिलेर्मो देल तोरो यांच्या २००६ च्या 'पॅन्स लॅबिरिन्थ'चा काळ १९४४ चा, हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमधला आहे. त्यातली मुलगी ज्या पाताळात उतरते तिथे काही खायचे नाही असा दंडक असतो, ती दोन द्राक्षे खाते आणि त्याचा परिणाम भोगते. वर लष्करी कप्तानाचे घर आणि खाली राक्षसाचे मेजवानीचे टेबल, यांतले कोणते अधिक भयानक हे प्रेक्षकाला ठरवावे लागते. या दोन्ही कलाकृतींना पलायन म्हणण्याचे धाडस आपले समीक्षक करत नाहीत. मग तीच सवलत परभणी, जालना किंवा धाराशिवच्या लेखकाला का नाही?

शिवाय आमच्याकडचे वास्तवही नेहमी वास्तवाच्या मापात बसत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी घेऊन गाडी स्थानकात शिरली, तेव्हा माणसे तिच्या स्वागताला उभी होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात गणेश विसर्जनाहून परतून झोपलेली गावे भूकंपात उठलीच नाहीत. त्याच्या आदल्या वर्षी तिथल्या लोकांनी जमिनीतून येणारे धक्के आणि आवाज अनुभवले होते. जायकवाडीच्या पाण्याखाली जुनी गावे गेली आहेत आणि त्या गावांची माणसे उंचावरच्या वसाहतींतून तेच पाणी पाहत म्हातारी झाली आहेत. या घटनांचे वृत्तांत लिहिले गेले, अहवाल निघाले, चांगल्या वास्तववादी कथाही आल्या. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा', भास्कर चंदनशिव यांच्या कथा आणि आसाराम लोमटे यांचे लेखन यांबद्दल मला अतीव आदर आहे, आणि त्या परंपरेच्या विरोधात मी काही मागत नाही. मात्र बुडालेल्या घराच्या उंबऱ्यावर अजून कोणीतरी वाट पाहत बसले आहे, हे लिहायला निराळे साधन लागते, आणि ते साधन पैठणने फार पूर्वी घडवून ठेवले आहे.

अद्भुताच्या नावाखाली कचराही पुष्कळ लिहिला जातो, हे मी नाकारत नाही. काहीही होऊ शकते अशी मुभा लेखकाने स्वतःला दिली की वाचकाला कशाचीच भीती उरत नाही आणि कशाची आसही उरत नाही. लेखकाला शेवट सुचत नाही म्हणून स्वप्नातून जागे होणारी पात्रे मी शेकडो उत्तरपत्रिकांत वाचली आहेत. परीक्षकांनी त्या कथा अवश्य बाद कराव्यात, पण नियम सांभाळला का, किंमत मोजली का, तपशील खरा उतरला का, हे पाहून बाद कराव्यात. भूत आले एवढ्याच कारणावरून नव्हे.

यासाठी आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. आपल्या वृत्तपत्राच्या कथास्पर्धेच्या नियमावलीत कथा 'वास्तवदर्शी' असावी अशी जी अट आहे, ती पुढील स्पर्धेपासून काढून टाकावी. आणि ज्या पुरवणीत तो लेख आला त्याच पुरवणीत मराठवाड्यातील नव्या लेखकांच्या अद्भुतकथांना काही रविवार जागा द्यावी, तसेच लेखाच्या मान्यवर लेखकांनी त्या कथांवर आपले मत लिहावे. त्यांची चिकित्सा कठोर असेल याची मला कल्पना आहे, आणि आमच्या मुलांना ती हवी आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक निवृत्त मराठी शिक्षिका,
अंबाजोगाई, जि. बीड